वावरला नेलेली कॅसेट

फ्रान्सिस वारला त्यानंतर महिन्याभरानं त्याच्या बायकोनं मला वसईला बोलावून घेतलं आणि एक बुटांचा खोका हातात ठेवला. "तुमच्या बँडचं आहे काहीतरी. मला त्यातलं कळत नाही," म्हणाली. खोक्यात ड्रम वाजवायच्या दोन काठ्या होत्या, हॉटेलच्या मेनूकार्डांच्या पाठीवर लिहिलेल्या याद्या होत्या आणि एक कॅसेट होती. कॅसेटवर काही लिहिलेलं नव्हतं.

लोक जव्हारला पावसाळ्यात जातात, धबधबे बघायला. मी गेलो नोव्हेंबर संपताना, भात कापून झाल्यावर. ती कॅसेट एका माणसाला ऐकवायची होती.

आमचा बँड चौघांचा. फ्रान्सिस ड्रमवर, बास गिटारवर एक मुलगा, मी ऑर्गनवर आणि सॅक्सोफोनवर रावजी. मुंबईत फोर्टातल्या एका हॉटेलात आम्ही संध्याकाळी वाजवायचो. गायक परवडत नव्हता, म्हणून आम्ही बिनशब्दांचं सोल वाजवायला लागलो. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, त्यांच्या चर्चमधून निघालेलं आणि पुढे नाचघरात गेलेलं. त्यात गाणारे थोर होतेच, पण काही तबकड्या अशा होत्या की त्यांत कोणी गातच नसे. खाली ऑर्गन संथ पसरलेला, बास पावलं टाकत चाललेला, ड्रम मोजकाच, आणि वर एक सॅक्सोफोन, सांगायचं पुष्कळ असून थोडक्यात आटोपणाऱ्या माणसासारखा. त्या धुना आजही कुठे कुठे भेटतात. लिफ्टमध्ये, दवाखान्यात वाट बघताना, कुणाच्या तरी फोनवर. नाव कुणालाच ठाऊक नसतं, पण माणूस दोन क्षण थांबतो. गाण्यात शब्द असले की ते कुणाचं तरी गाणं होतं. यात ती जागा रिकामी असते, ऐकणारा आपला आपण जाऊन बसतो.

रावजी वारघडे जव्हारजवळच्या वावर गावचा. काकाबरोबर बांधकामावर आला होता, तिथून हॉटेलच्या मोरीत भांडी घासायला लागला. आमची तालीम दुपारी चाले, तेव्हा तो दाराशी येऊन उभा राहायचा. एकदा फ्रान्सिसनं गंमत म्हणून सॅक्सोफोन त्याच्या हातात दिला. त्यानं दोन-चार वेळा फुंकून बघितलं आणि मग एक सूर धरला, तो धरलाच. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. तो श्वास घेतच नव्हता. नंतर कळलं की त्याचा बाप तारपा वाजवायचा. तारपा म्हणजे वाळक्या दुधी भोपळ्याचा आणि बांबूच्या नळ्यांचा, हातभर लांब वाजा. तो वाजवणारा गालात हवा साठवून फुंकत राहतो आणि त्याच वेळी नाकानं श्वास घेतो. सूर तुटत नाही. रावजी ते लहानपणीच शिकला होता. वर्षभरात तो आमच्यात सगळ्यात चांगला वाजवायला लागला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आमचं मराठीही अर्धंच कळायचं. पण त्या संगीतात कुणालाच काही बोलायचं नसे, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही.

पाच वर्षं असं चाललं. मग आम्हाला आखातातल्या एका हॉटेलात सहा महिन्यांचं काम मिळालं. एजंटनं रावजीला बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "हा नको. स्टेजवर शोभेल असा कोणीतरी आणा." बँड माझ्या नावावर होता. मी हो म्हटलं. रावजीला सांगितलं की काम रद्द झालंय, बँड बंद करतोय, तू गावी जा, काही झालं की कळवतो. तो गेला. आम्ही लग्नाच्या बँडमधला एक वाजवणारा घेतला आणि विमानात बसलो.

कळवलं कधीच नाही. याला आता चाळीस वर्षं झाली.

भाच्यानं कॅसेट फोनवर उतरवून दिली. पहिल्याच मिनिटाला मी ओळखलं. आमची ती संथ धून, आणि वर रावजी. दोन महिने मी रोज ऐकत होतो. सत्तरीला आलेला माणूस, एकटा बसून रडायचो. शेवटी ठरवलं की हे त्याला नेऊन द्यायचं. बाकीचं काही बोलायचं नाही, फक्त ऐकवायचं. असा मी निघालो.

जव्हार

जव्हारला ठाण्यापेक्षा गारवा होता. लॉजच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात वारली चित्र काढलेलं होतं, मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हात गुंफून नाचणाऱ्यांचा वेढा. तसलीच चित्रं किल्लीच्या साखळीवर, कपावर आणि पाण्याच्या टाकीवरही होती. मी मॅनेजरला विचारलं की तारपा वाजवणारा कोणी आहे का ओळखीत. तो विचारात पडला.

"कार्यक्रमाला आणतात ना, साहेब. मंत्री-बिंत्री आले की. एरवी माहीत नाही."

"आणि वावरला जायला गाडी?"

"वावरला? तिथे काय बघणार? त्यापेक्षा हनुमान पॉइंटला जा. सनसेट चांगला दिसतो."

मी सनसेट बघितला. खरंच चांगला होता. दरीत उतरत जाणारे डोंगर, कापलेली भातशेतं, मधूनच नागलीचा एखादा तांबूस तुकडा. शेजारी एक कुटुंब फोटो काढत होतं. मला मात्र वाटत होतं की इतक्या उतारावरून माणूस एकदा खाली गेला की त्याला हाक मारून काही उपयोग नाही.

रात्रीच्या जेवणात उडदाची आमटी आणि खुरासणीची काळी चटणी होती. चटणी तोंडात टाकली आणि मला हॉटेलची मोरी आठवली. रावजी गावाहून आला की कागदात बांधून तीच आणायचा, आणि आम्ही तिला काळी म्हणून हसायचो.

वावरच्या वाटेवर

सकाळी जीपमध्ये माझ्या शेजारी एक आशाताई बसल्या होत्या. मांडीवर औषधांची पेटी, अंगावर धुऊन फिकी झालेली साडी. मी कुणाकडे चाललोय असं त्यांनी आपण होऊन विचारलं नाही. आमच्याकडे एवढ्या प्रवासात माझी पेन्शनसुद्धा विचारून झाली असती. शेवटी मीच म्हटलं, "रावजी वारघडे माहीत आहेत का?"

"कोणता? बोळका रावजी?"

मला कळलं नाही.

"दात नाहीत त्याला. पुढचे तर कधीचेच गेले. तोच ना, मुंबईला बाजा वाजवायचा?"

मी मान हलवली. सॅक्सोफोनचं तोंड दातांवर टेकवून वाजवतात. दात गेले की वाजवणं गेलं. ती गोष्ट मला जीपच्या खडखडाटात, अशी सहज कळली.

रस्ता संपला तिथे जीप थांबली. पुढची पाऊलवाट शेताच्या बांधावरून जाते. मी पाठीवर सॅक घेतली होती, त्यात खास आणलेला छोटा स्पीकर होता. एका ओहोळाशी माझा पाय सटकला आणि मी बसकण मारली. मला फार लागलं नाही, पण सॅक पाण्यात गेली. स्पीकर बाहेर काढला तर त्यातून पाणी गळत होतं. फोन खिशात होता म्हणून वाचला.

"ठेवा उन्हात, होईल," आशाताई म्हणाल्या. तो झाला नाही.

वाटेत निम्मी घरं बंद होती. कुलपं नव्हती, दारांना काटेरी फांद्या आडव्या बांधलेल्या. "दिवाळी झाली की निघतात. वीटभट्टीवर, रेतीवर. पावसाला परत. ही पोरं वजनाला मला चार महिने मिळतात, मग मिळतच नाहीत," त्या म्हणाल्या.

रावजीच्या अंगणात

रावजी अंगणात पेंढ्याच्या ढिगाजवळ उकिडवा बसून दोरीनं भांडी बांधत होता. चाळीस वर्षांत तो अर्ध्यानं आटला होता. गाल आत गेलेले. ते फुगलेले गालच मला आठवत होते, त्यामुळे क्षणभर वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो.

त्यानं वर बघितलं. "सदू," म्हणाला. मी सकाळीच बाहेर गेलो होतो आणि आता परत आलो, अशा सुरात.

मग उठून आत गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. त्याच्या बायकोनं, जानकीनं, गोधडी अंथरली. कोणी काही विचारलं नाही. आम्ही बसलो. त्यांच्याकडे पाहुणा आला की आधी बसतात, बोलणं मागून येतं. ती शांतता मला सोसेना आणि मी फ्रान्सिस गेल्याचं सांगून टाकलं.

"बरा माणूस होता," रावजी म्हणाला. "त्यानंच हातात दिला तो बाजा."

"अजून वाजवतोस का? तारपा तरी?"

उत्तर जानकीनं दिलं. "बंद झाला तो. धाकटी पोर गेली तवापासून. त्या साली लई पोरं गेली इथली. पेपरवाले आलते, साहेब आलते. ही आमची पोर दोन वरसाची होती. मंग यानं तारपा वर टांगला तो टांगलाच. उंदरांनी खाल्ला."

वावर-वांगणीचं नाव पेपरात आलं ते मला चांगलं आठवत होतं. मी ठाण्यात, माझ्या घरी, चहा पीत वाचलं होतं. कुपोषणानं मुलं मेली, गाव वावर. मनात आलं होतं, अरे, हे रावजीचं गाव. मग मी पान उलटलं होतं. हे मी त्या अंगणात बोललो नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

मी फोन काढला. "तुला काहीतरी ऐकवायचंय. आपली ती संथवाली. तू वाजवलेली."

रावजीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. तो सरकून जवळ आला. जानकी चुलीपासची उठून आली, शेजारच्या दोन बाया कुडापाशी येऊन थांबल्या.

फोनचा आवाज तो केवढा. घरी मी मोठ्या स्पीकरवर ऐकायचो, तिथे खाली माझा ऑर्गन भरून असायचा. इथे ऑर्गन जवळजवळ नाहीसा झाला, बास तर ऐकूच येईना. राहिला नुसता सॅक्सोफोन, बारीक आणि उघडा. तरीही कुडापाशी उभ्या बाया हलल्या नाहीत. त्यांतली एक पदर तोंडाशी धरून ऐकत होती. तिला त्या धुनेचं काय माहीत असणार? तरी ती ऐकत होती.

रावजीनं डोळे मिटले होते. मध्यावर तो लांब सूर येतो, तिथे त्याची बोटं गुडघ्यावर दाबली गेली. आणि मग त्यानं डोळे उघडले.

धून संपली. तो म्हणाला, "पुन्यांदा लाव."

मी लावली. लांब सुराशी आल्यावर त्यानं बोट वर केलं. "इथं. ऐक. श्वास घेतला यानं."

मी ऐकलं. सुराच्या ऐन मध्ये, पापणी लवावी एवढी फट होती. आत ओढलेल्या हवेचा बारीकसा आवाज. घरी तो ऑर्गनखाली दबून गेला होता.

"मी घेत नव्हतो," रावजी म्हणाला. "हा मी नाय, सदू. हा दुसरा कोणी हाय."

तेव्हा कुठे मला आठवलं. त्या लग्नाच्या बँडमधल्या माणसाला आम्हीच तीन आठवडे बसवून शिकवलं होतं, अगदी रावजीसारखं, जागा न् जागा. मी स्वतः त्याला सूर गाऊन दाखवले होते. कॅसेट त्या तालमींची होती. दोन महिने मी ज्याच्यासाठी रडत होतो तो रावजी नव्हताच. आणि रावजीची तर एकही कॅसेट नाही. कुणी कधी केलीच नाही. पाच वर्षं तो रोज वाजवत होता आणि त्यातलं काहीही उरलेलं नाही.

"कधी वाजवलेला हा?" रावजीनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण त्याच्या कानांसमोर खोटं टिकलं नसतं. मी सांगितलं. आखाताचं काम रद्द झालं नव्हतं. आम्ही गेलो होतो. एजंट काय म्हणाला, मी काय म्हणालो, सगळं सांगितलं. जानकी माझ्याकडे बघत होती, तो मात्र फोनकडे बघत होता.

कोंबड्या पेंढ्यात उकरत होत्या.

"म्हंजे बँड चालू होता," तो म्हणाला.

"हो. दोन वर्षं."

"मला वाटला, बंद झाला. मी म्हनायचो हिला, बँडच बंद झाला, नायतर बोलावला असता." मग तो फोनकडे बोट करून म्हणाला, "हा बरा वाजवतो. दमानं वाजवतो. जिता हाय का?"

"माहीत नाही."

"त्याचाही नाय माहीत," रावजी म्हणाला, आणि पुन्हा भांडी बांधायला लागला.

जानकीनं नागलीची भाकर आणि सुकट वाढलं. मी खाल्लं. परतीची जीप निघून गेली होती, म्हणून त्यांच्याच ओसरीवर निजलो.

परत

सकाळी रस्ता संपतो तिथवर ट्रक आला. दोन्ही मुलगे, सुना, नातवंडं, पातेली, पिठाचं पोतं, टोपलीत कोंबड्या. भट्टीवर मुलगे-सुना विटा पाडतात, म्हातारा-म्हातारी पोरं राखतात. जानकीनं दाराला काटेरी फांदी बांधली. ट्रकवाल्यानं मलाही खोडाळ्यापर्यंत पुढे बसवलं. तिथे उतरल्यावर मी मागे जाऊन रावजीजवळ उभा राहिलो. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "ठाण्याकडे कधी आलास तर घरी ये."

"ठान्यालाच तर चाललोय," तो म्हणाला. "खाडीच्या पलीकडं भट्टी हाय, भिवंडीच्या अंगाला. आठ-नऊ वरसा तिथंच येतो. तुमी तिथंच कुठं राहता ना?"

आदल्या दिवसापर्यंत मी त्याला 'तू' होतो.

ट्रक गेला. खोडाळ्याचा बाजार भरत होता, सुकट आणि नागली मांडून बाया बसल्या होत्या. मी एसटीची वाट बघत एका दुकानाच्या पायरीवर बसलो. आमच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून खाडीपलीकडच्या भट्ट्यांचा धूर दिसतो. थंडीत तो आत येतो म्हणून गेल्या वर्षी सोसायटीनं तक्रारअर्ज केला. माझं मराठी चांगलं, म्हणून तो मीच लिहून दिला होता.

घरी आल्यावर पंधरा दिवस मी काही केलं नाही. मग एका दुपारी रिक्षा केली आणि पूल ओलांडला. पंचवीस मिनिटं लागली, फक्त. तिथे सगळ्याच भट्ट्या सारख्या. तिसऱ्या ठिकाणी तो सापडला. ताडपत्रीच्या सावलीत साडीच्या झोळीत नात निजलेली, आणि तो दोरी धरून झोका देत होता.

"बसा," म्हणाला, आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर जागा केली.

मुकादम येऊन कोण म्हणून विचारून गेला. "मुंबईला एका ठिकानी कामाला होतो," रावजीनं सांगितलं. तेवढंच. ते खरंच होतं.

आम्ही बसून राहिलो. समोर त्याची सून चिखलात साचा आपटत होती. एक वीट, दुसरी वीट. मी फोन काढला नाही. काढायचं कारणही नव्हतं. पण एक गोष्ट मला झोपू देत नव्हती, ती मी विचारली.

"तो मधला लांब सूर. तू तिथे काय करायचास? श्वास घेत नव्हतास, ते समजलं. पण आणखी काहीतरी करायचास तू. ते आम्ही त्याला शिकवलं नाही, कारण आम्हालाच कळलं नव्हतं. काय होतं ते?"

रावजीनं झोका थांबवला. तो खरोखर आठवत होता. ओठ मिटले, गाल हलले, बोटं दोरीवर एकदा-दोनदा दाबली गेली. त्याला ते आठवत होतं, माझी खात्री आहे. ते त्याच्या आत कुठेतरी वाजत होतं. मी थोडा पुढे झुकलो.

मग त्यानं मान हलवली.

"सांगता येत नाय," तो म्हणाला. "वाजवूनच सांगायचा असतो तो."

झोळीतली नात चुळबुळली. त्यानं दोरी पुन्हा ओढायला सुरुवात केली.